जॉबरचाचांचं हेलिकॉप्टर

जॉबरचाचांना हाक मारायला तोंडाचा काही उपयोग नव्हता. ते ज्या मागापाशी उभे असतील, त्याच्या लोखंडी चौकटीवर तळहाताने दोन थापा मारायच्या. चौकटीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा हात टेकलेला असायचाच. थाप लोखंडातून त्यांच्या हातात पोचायची आणि ते मान वळवून डोळ्यांनीच विचारायचे, काय? भिवंडीच्या कारखान्यात हे कुणाला वेगळं वाटत नसे. माग चालू असले की तिथे सगळेच बहिरे. बोलणं समोरच्याच्या ओठांवरून वाचायचं आणि बाकीचं बोटांनी सांगायचं. अंगठा आणि बोट चोळलं की तेल. तेच करून मग पंजा उताणा केला की तेल संपलंय. गळ्यावरून आडवा हात फिरवला की बंद कर. त्यामुळे चाचांना खरोखरच ऐकू येत नाही, हे कितीतरी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी त्यांच्याच खोलीत राहायचो.

जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. धागा तुटला तर विणकर जोडतो, पण माग बिघडला की जॉबरला बोलवायचं. चाचा मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठचे. भिवंडीत उभा जन्म गेला तरी बोलण्यात कोकण आणि ठाण्याची गावं दोन्ही होती. डोक्यावर जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी आणि मूळचा रंग कुठला ते सांगता येणार नाही असा बनियन. बिघडलेल्या मागाजवळ गेले की पाना उचलायच्या आधी ते त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. थोड्या वेळाने म्हणायचे, "डाव्या अंगाला दुखतंय त्याला." आणि डाव्या अंगालाच काहीतरी ढिलं निघायचं. नवा विणकर तक्रार घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "हात ठेवलास? मशीन तोंडाने खोटं बोलंल, अंगाने न्हाय बोलत."

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. गावातल्या एका माणसाच्या मागे मागे भिवंडीला आलो, तर तो माणूस महिन्याभरात सुरतेला निघून गेला आणि मी एकटाच उरलो. मला लहानपणापासून सगळ्याची धास्ती. कडी लावली की नाही हे दोनदा बघितल्याशिवाय मला झोप येत नाही, ते अजूनही. नव्या गावात, पत्र्याच्या त्या शेडमध्ये, मागांच्या खडखडाटात माझं काय होणार, हाच विचार सारखा मनात असायचा. कारखान्यात माणसांना जिल्ह्याच्या नावाने ओळखत. माझ्या शेजारच्या मागावर आझमगढ होता, मी परभणी झालो. माझं खरं नाव चाचांना ठाऊक होतं, पण तेही परभणीच म्हणायचे. फक्त ते म्हणायचे तेव्हा ते घरातलं नाव वाटायचं.

पहिल्याच दिवशी माग सुरू व्हायच्या आधी चाचांनी मला समोर उभं केलं. बाद सुताचा पुंजका घेतला, त्यावर खोबरेलाचे थेंब टाकले, तळहातावर वळून दोन बोळे केले आणि माझ्या कानांत घट्ट बसवले. त्या दिवसापासून हे रोजचं झालं. मी चार माग एकट्याने सांभाळायला लागलो, मिशी ठेवायला लागलो, गावी बहिणीच्या लग्नाला जाऊन आलो, तरी ड्युटीवर चढण्याआधी चाचांपुढे मान वाकडी करून उभं राहणं काही चुकलं नाही. बाकीच्यांना ही करमणूकच होती. आझमगढ तर रोज म्हणायचा, "क्या परभणी, कान में बघार लगवा के आ गया?" मला लाज वाटायची. एकदा चाचांना म्हटलं, "तुम्ही स्वतः का नाही घालत मग?"

त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि हसले. "माझ्या खोलीत आता चोरीला जाण्यासारखं काय उरलं न्हाय. तुझ्या खोलीला कडी लाव."

माग चालू असले की चाचा निर्धास्त असायचे. त्यांना भीती होती ती शांततेची. शुक्रवारी आमच्या भागाची वीज दिवसभर बंद असायची, म्हणून कारखान्याची सुट्टीही शुक्रवारीच. त्या दिवशी शेडमध्ये चिमणीचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. आणि त्या दिवशी चाचा अखंड बोलत. नमाजाला जाता-येता, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे. खाडीतल्या माशांपासून मागाच्या पट्ट्यापर्यंत कशावरही. लोक म्हणायचे, चाचा शुक्रवारी फार खुशीत असतात. खरं कारण त्यांनी एकदा मलाच सांगितलं. "बोलणाऱ्याला मागनं कोण प्रश्न विचारत न्हाय रे." रस्त्याने जाताना मी त्यांच्या उजव्या अंगाला अर्धं पाऊल मागे चालायचो. मागून रिक्षा आली की त्यांच्या कोपराला धरून बाजूला घ्यायचो. ते बोलणं न थांबवता बाजूला व्हायचे. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही. पण माझ्या जिवाला तो घोर कायमचा लागलेला होता: आज नाही तर उद्या कुणीतरी त्यांना मागून हाक मारणार.

ते घडलं आझमगढच्या मागामुळे. त्या मागाचा एक बोल्ट मधूनच खडखडायचा. आझमगढने चाचांना बोलावलं, चाचांनी हात ठेवला, आणि नेमका तेवढा वेळ बोल्ट गप्प राहिला. "ठीक हाय," म्हणून चाचा पुढे गेले. दुपारनंतर धोटा उडाला. मागाचा धोटा म्हणजे वीतभर लांबीचं टणक लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी टोपी. तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सुटला, आझमगढच्या कानशिलाजवळून गेला आणि मागच्या भिंतीचा गिलावा फोडून खाली पडला. आझमगढ होता तिथेच बसला.

कारखान्याचे मालक, सेठ, धावत आले. सगळे माग बंद करायला लावले. शेडमध्ये शांतता झाली. चाचा भिंतीपाशी वाकून धोटा उचलत होते, पाठ आमच्याकडे. सेठ म्हणाले, "चाचा, दोन दिवस खडखडत होता म्हणतो हा. तुम्हाला ऐकू आलं न्हाय?"

चाचा गिलाव्याचे तुकडे गोळा करत राहिले.

"चाचा!"

माझा हात आपोआप शेजारच्या मागावर गेला आणि मी दोन थापा मारल्या. पण चाचांचा हात तेव्हा कुठल्याच लोखंडाला टेकलेला नव्हता. सेठनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग चाचांच्या पाठीकडे. ते चाचांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. "मालेगावला एक जॉबर हाय. तरणा हाय. त्याला निरोप धाडतो."

खोली जॉबरला मिळालेली होती. जॉबरकी गेली की खोली जाणार, म्हणजे चाचांबरोबर मीही रस्त्यावर. पण तेवढंच नव्हतं. ज्या माणसाला मागाच्या अंगावर हात ठेवल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नाही, त्याला उद्यापासून हात ठेवायला काही राहणार नव्हतं. मी त्या दिवशी जेवलो नाही. चाचांनी माझ्या ताटातला बोंबील उचलून खाल्ला. "मालेगाव लांब हाय," एवढंच म्हणाले.

त्याच सुमाराला सेठच्या थोरल्या मुलीचा निकाह ठरला होता. शहरातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याने लेकाच्या वरातीत बँडवाले उंटांवर बसवून आणले होते, आणि ते सेठच्या मनाला लागून राहिलं होतं. एके सकाळी ते शेडमध्ये आले आणि चाचांसमोर नीट उभे राहिले. समोर उभं राहायचं हे ते आता विसरत नव्हते.

"चाचा, निकाह झाल्यावर खारका उधळतात. या वेळी त्या वरनं पडल्या पायजेत. हेलिकॉप्टरातनं. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलिकॉप्टर गेलं पायजे आणि पंखे खरेखुरे फिरले पायजेत. होईल?"

"होईल," चाचा म्हणाले.

"मालेगाववाल्याला मी थांबवलाय. चार पाहुण्यांत माझी शोभा राखलीत, तर तो येणार न्हाय. हसं झालं, तर मला पुन्हा काय सांगायला लावू नका."

खोलीवर आल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही हेलिकॉप्टर पाहिलंय का कधी?"

"पायलंय की."

"कुठे?"

"खालनं."

भज्यांच्या पुडक्याच्या कागदावर हेलिकॉप्टरचं एक चित्र सापडलं. त्याच्या दाराशी टोपी घातलेला एक माणूस उभा होता. चाचांनी त्या माणसावर बोट ठेवलं. "हा एक वीत." बस, सगळं माप तिथून निघालं. माणूस एक वीत, तर दार किती, शेपटी किती, पंख्याचं पातं किती, हे त्यांनी सुतळीला गाठी मारून ठरवलं. पुरं हेलिकॉप्टर माझ्या उंचीपेक्षा लांब भरलं. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. त्यावर आमच्याच मागावरचं कोरं कापड ताणून बसवलं आणि ताण्याला देतात ती खळ त्याला पाजली. वाळल्यावर कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजावं. म्हणजे मला ते तसं वाजलं. चाचांनी टिचकी मारून बोट तिथेच ठेवलं आणि मान डोलावली.

मोटर टेबलफॅनची, उभी करून बसवलेली. पाती खोक्यांच्या फळ्या तासून केलेली. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा शेडच्या कोपऱ्यात तुळईला एका आकड्यावर टांगलं होतं. वरचा पंखा फिरायला लागला, आणि खालचं धड उलट्या दिशेने गरगरायला लागलं! वायरीचा पीळ पडत गेला, शेपटी आझमगढच्या डोक्यावरून सणकन गेली, तो माग सोडून खाली बसला आणि बसल्या बसल्या आम्हाला शिव्या द्यायला लागला. ऐकू काहीच येत नव्हतं, पण ओठांवरून सगळ्या वाचता आल्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं. चाचा मात्र चित्राचा कागद डोळ्यांजवळ धरून उभे होते. शेपटीला चित्रात एक छोटा पंखा होता. आम्ही तो शोभेचा समजून सोडून दिला होता.

"म्हणून दिलाय हा!" चाचा म्हणाले. "आपल्या आधी कोणतरी गरगरलाय."

मग शेपटीला छोटा पंखा आला. कांडी भरायच्या मशीनचं चातं, म्हणजे फिरता दांडा, आणि तो ज्यात फिरतो तो पितळी बुश काढून तिथे बसवला, आणि वरच्या पंख्याच्या दांड्यावरून सुताच्या दोरीचा पट्टा शेपटीपर्यंत नेला. मोठा पंखा रमतगमत फिरायचा, छोटा दिसेनासा होईल इतका जोरात. आता धड जागच्या जागी राहिलं. पोटाखाली खारकांचा डबा, डब्याला झडप, झडपेला दोरी. सेठचा माणूस मधूनमधून बघून जायचा.

एक गोष्ट तेव्हा आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. हेलिकॉप्टर चालवून बघायचं तर वीज पाहिजे. वीज असली की माग चालू. माग चालू असले की माझ्या कानांत चाचांचे बोळे. आणि ज्या दिवशी शेड शांत असायची त्या शुक्रवारी वीजच नसायची. ते यंत्र आम्ही कित्येकदा चालवलं, पण त्याचा आवाज दोघांपैकी एकानेही कधी ऐकला नव्हता.

दुसरी गोष्ट तेलाची. कापडाच्या धंद्यात तेलाच्या डागाइतकं वाईट काही नाही. पांढऱ्या कापडावर तेलाचा ठिपका दिसला की सगळा तागा बाद. चाचा आयुष्यभर मागांना तेल पाजत आले, पण कापडावर थेंब पडू दिला नाही, याचा त्यांना अभिमान होता. निकाहाच्या सकाळी ते म्हणाले, "खाली सगळे पांढऱ्या कपड्यांत बसणार. वरनं एक थेंब पडला नवऱ्या मुलाच्या अंगावर, तर संपलो आपण." आणि त्यांनी फडक्याने हेलिकॉप्टरचा एकेक सांधा पुसून कोरडा केला. मोटरचा दांडा पुसला, शेपटीचा बुशसुद्धा आतून पुसला. मग पंखा बोटाने फिरवून बघितला. "लोण्यासारखं फिरतंय," म्हणाले.

मंडपात चालवून बघितलं तेव्हाही मंडपवाल्यांचा जनरेटर धडधडत होता, भोंग्यावर कव्वाली लागली होती आणि कुणीतरी खांब ठोकत होतं.

मंडप लोखंडी नळ्यांचा होता. वरती आडवी तार ताणून तिच्यावर दोन चाकांनी हेलिकॉप्टर टांगलं होतं. एका कोपऱ्यात बटण घेऊन चाचा, एक हात मंडपाच्या नळीवर. समोरच्या कोपऱ्यात मी, ओढायची दोरी एका हातात, झडपेची दुसऱ्या हातात. पुढच्या रांगांत शहरातले मागवाले, कारखानदार आणि त्यांचे जुने जॉबर, सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मागे पोरंटोरं. घराच्या सज्जात बायका. सेठ नवऱ्या मुलाच्या शेजारी, आणि दर थोड्या वेळाने त्यांची नजर वर.

निकाहासाठी जनरेटर बंद झाला; हेलिकॉप्टरची वायर आम्ही सेठच्या घरातून घेतली होती. भोंगा बंद झाला. काझीसाहेबांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. कबूल झालं, दुआ झाली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सेठनी चाचांना खूण केली. चाचांनी बटण दाबलं आणि मी दोरी ओढली.

मोठा पंखा फिरायला लागला, हेलिकॉप्टर डुलत डुलत तारेवरून निघालं, आणि त्याबरोबर एक आवाज सुरू झाला. चीं... असा, बारीक, सुईसारखा, दातांच्या मुळांत शिरणारा. वाढतच गेला. सज्जातल्या बायकांनी कानांवर हात घेतले. पोरं ओरडायला लागली. काझीसाहेबांनी डोळे मिटून मान खाली घातली. आवाज शेपटीतून येत होता. कोरडा बुश जळत होता.

आणि पुढच्या रांगा? त्या खुशाल बसल्या होत्या. सगळे मागवाले माना वर करून, कौतुकाने, तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत होते. एकाचाही हात कानाकडे गेला नाही. सेठ तर असे हसत होते की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि चाचा आपल्या कोपऱ्यात छाती काढून उभे होते. नळीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताला ती बारीक किंकाळी कळण्यासारखी नव्हती. कानाचं तर विचारायलाच नको.

मला भिंतीचा गिलावा फोडणारा तो धोटा डोळ्यांपुढे दिसला. बुश धरला, चातं अडकलं, तर छोट्या पंख्याचं पातं तुटणार आणि सुटेल त्या दिशेने जाणार. खाली माणसं दाटीने बसलेली, मधोमध नवरा मुलगा. ओरडून काही उपयोग नव्हता. मी ओढायची दोरी सोडली आणि मंडपाच्या नळीवर सगळ्या ताकदीने दोन थापा मारल्या.

चाचांनी मान वळवली.

मी अंगठा आणि बोट चोळलं. पंजा उताणा केला. मग गळ्यावरून हात फिरवला.

त्यांनी विचारलं नाही, हसू तसंच ठेवलं, पण बटण बंद झालं. त्याच क्षणी मी झडपेची दोरी खेचली. खारकांचा सडा पडला, पोरं तुटून पडली, मोठी माणसंही वाकली, सगळा एकच कल्लोळ झाला. आणि त्या कल्लोळाच्या वर हेलिकॉप्टरचे पंखे आपोआप मंद होत होत थांबले. सगळ्यांना वाटलं, ते असंच ठरलेलं होतं.

चाचा गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. मला वाटलं आता विचारतील, चालू यंत्र बंद का करायला लावलंस. त्यांनी माझे खांदे धरले.

"तेल न्हाय हे तुला कसं समजलं?"

"ऐकू आलं."

"कसं?"

"चीं करून. फार बारीक. दाताला लागत होता आवाज."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे असे बघत होते, जसं काही मी गावाकडची खुशाली सांगतोय. मग त्यांनी दोन्ही तळहात माझ्या दोन्ही कानांवर ठेवले, मागावर ठेवायचे तसे. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. "राहिले," म्हणाले. "राहिले रे तुझे कान. सगळ्या मागवाल्यांत एकट्याचे राहिले."

तेवढ्यात सेठ आले. "वा चाचा! बंद कशाला केलं एवढ्यात? किती झकास चाललं होतं. जा, मालेगाववाल्याला मी न्हाय म्हणून सांगतो. जॉबरकी तुमचीच."

आता चाचांनी फक्त मान डोलवायची होती. खोली राहिली असती, माग राहिले असते, सगळं पूर्वीसारखं झालं असतं.

सेठची धाकटी मुलगी त्यांच्या सदऱ्याला धरून उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, कसला घाण आवाज होता! माझे कान फुटायला आले होते."

"कसला आवाज?" सेठ म्हणाले.

मुलीने आश्चर्याने वर पाहिलं. सेठनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. त्यांनी करंगळी कानात घालून हलवली.

चाचा म्हणाले, "आवाज होता, सेठ. बुश कोरडा पडला होता. मीच तेल पुसलं, डाग पडंल म्हणून. मला ऐकू आलं न्हाय. तुम्हाला पण न्हाय आलं. तुम्ही पण माझ्यासारखेच त्या पत्र्याखाली वाढलात. ह्याला आलं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी राहिलो जॉबर, तर धोटा परत उडंल. त्या दिवशी भिंत होती मधे. मालेगावला कशाला जाताय? ह्याला करा जॉबर. ह्याचे कान हायेत, आणि हात मी शिकवलाय."

सेठनी वर, थांबलेल्या पंख्यांकडे पाहिलं. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून, चाचांच्या समोर नीट उभं राहून म्हणाले, "खोली तुमचीच राहील. हवे तितके दिवस." आणि पाहुण्यांकडे वळले. जाताना त्यांनी पुन्हा एकदा कानात करंगळी घातली.

मी जॉबर झालो. चाचा वर्षभर माझ्याबरोबर राहिले. मी कान लावायचो, ते हात ठेवायचे, आणि दोघांचं जुळलं की मगच पाना उचलायचा. चुकलो की म्हणायचे, "घाबरून ऐकू नको. घाबरलं की आपलाच आवाज ऐकायला येतो." हे मला अजून पुरतं जमलेलं नाही. हेलिकॉप्टर सेठनी शेडच्या तुळईलाच टांगून ठेवलं. त्याच्यावर सुताची पांढरी धूळ साचत गेली आणि काही दिवसांनी ते कापसाचंच केल्यासारखं दिसायला लागलं. नवे विणकर विचारायचे, हे काय? मी उत्तर द्यायच्या आधी त्यांना मान वाकडी करायला सांगायचो आणि कानांत बोळे बसवायचो. तेही हसायचे. आझमगढ मात्र आता हसत नव्हता. तो आपले बोळे स्वतःच्या हाताने वळायचा.

मग चाचांची मुलगी त्यांना दापोलीला न्यायला आली. एसटी स्टँडवर गाडी लागली तेव्हा चाचांनी आधी जाऊन तिच्या बॉनेटवर हात ठेवला. "घाटात थांबंल ही," म्हणाले, "पण पोचंल." मग वळून तोच हात माझ्या छातीवर ठेवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. "किती जोरात पळवतोस रे. कोण मागे लागलंय?" त्यांनी खिशातून सुताचे दोन बोळे काढले, माझ्या हातात दिले आणि गाडीत चढले.

खिडकीशी बसले, गजावर हात टेकला, आणि समोर बघत राहिले. मुलगी पलीकडे तिकिटाच्या गडबडीत होती. गाडी हलली. मी "चाचा!" म्हणून ओरडलो. ओरडल्यावर आठवलं. मी गाडीच्या बरोबरीने पळत गेलो आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.

चाचांनी मान वळवली, आणि डोळ्यांनीच विचारलं, काय?